दोन पायऱ्या पुढचा गुरू

वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या दिवसात मोकळा वेळ शोधूनही सापडत नाही. सकाळी तास, त्यानंतर वॉर्डातील रुग्ण, दुपारी प्रयोगशाळा आणि रात्री वीतभर जाडीची पुस्तके. साडेचार वर्षे हा क्रम चालतो. त्यापुढे वर्षभराची आंतरवासिता. सणावाराला घरची माणसे वाट पाहतात आणि मुलगा फोनवर ‘परीक्षा आहे’ एवढेच सांगतो. असा मुलगा आपल्या अभ्यासातला वेळ काढून अकरावी-बारावीच्या मुलांपुढे खडू घेऊन उभा राहतो आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाही, असे कानावर आले तर प्रथम कौतुक वाटते आणि मागोमाग काळजीही वाटते. ‘मग याचा स्वतःचा अभ्यास कधी होणार?’ हा प्रश्न कोणत्याही आईच्या तोंडी सहज येईल.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी हा प्रश्न अंगावर घेऊनच २०१५ साली एक काम आरंभले. त्यावेळी तेथे शिकत असलेले अतुल ढाकणे आणि त्यांचे सहाध्यायी यांनी गरीब घरांतील मुलांना वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी विनामूल्य शिकवायला सुरुवात केली. ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या नावाने ते काम ओळखले जाऊ लागले. आरंभ करणारे आता डॉक्टर झाले आहेत. परंतु शिकवणारे हात मुख्यतः एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचेच राहिले. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते, तोवर पुढची तुकडी फळ्यापाशी उभी असते.

ज्या आवारात ही मुले शिकतात, ते आवार व्यापारी मंडळींच्या दानातून उभे राहिले आहे. बगदाद सोडून मुंबईत येऊन व्यापार वाढवणारे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय झाले आणि १८६७ साली ते रुग्णांसाठी खुले झाले. पुढे १८७८ साली पारशी दानशूर बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाने तेथे वैद्यकीय शाळा सुरू झाली. १९४६ साली तिचे महाविद्यालयात रूपांतर झाले. बी. जे. ही दोन अक्षरे रोज उच्चारणाऱ्या किती जणांना त्यामागचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. त्या दोघांनी थैली मोकळी केली. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यापाशी थैली नसते. त्याच्यापाशी असतात ते मोजके तास, आणि त्यांतलेच काही तो देतो.

वरच्या वर्गातील मुलाने खालच्यांना शिकवावे ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. पंतोजींच्या शाळेत पंतोजी एकटे आणि मुले अनेक. तेव्हा थोडा पुढे गेलेला मुलगा मागच्यांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेई. धुळाक्षरे गिरवून घेई. पेढीवर बसणाऱ्या कित्येक पिढ्यांचा हिशेब असाच पक्का झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला आलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यांच्या नजरेत ही देशी रीत भरली; त्यांनी ती आपल्या अनाथ मुलांच्या शाळेत वापरली आणि १७९७ साली त्यावर पुस्तक छापून इंग्लंडात नेली. तिकडे तिला ‘मद्रास पद्धती’ असे नाव पडले. वैद्यकीय व्यवसायात तर हा धागा आणखी जुना आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन ग्रीक शपथेत आपल्या गुरूच्या मुलांना ही विद्या मोबदला न घेता शिकवण्याचे वचन आहे. आणि ‘डॉक्टर’ हा शब्दच ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे.

तरीही पुण्यातील या मुलांच्या शिकवण्यामागे परंपरेहून अधिक निकडीचे कारण होते. त्यांनी काम सुरू केले त्या सुमारास वैद्यकीय प्रवेशाची वाटच बदलत होती. ‘नीट’ ही देशव्यापी परीक्षा प्रथम २०१३ च्या मे महिन्यात झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. पुढील दोन वर्षे महाराष्ट्रात पुन्हा राज्याची सीईटी आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने नीट पुन्हा लागू केली. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि त्या एका वर्षापुरती राज्याची परीक्षा वाचली. २०१७ पासून मात्र राज्याच्या महाविद्यालयांसाठी नीटशिवाय दुसरे दार उरले नाही. प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले, तर गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवले जाते राज्य मंडळाचे पुस्तक. शहरातील पालकांनी वेळीच दिशा ओळखली. कोणी लातूरला खोली घेतली, कोणी थेट राजस्थानातील कोटा गाठले. या अंकाच्या वाचकांपैकी अनेक घरांनी तो खर्च सोसला असेल. दोन वर्षांच्या शिकवणीचा, खोलीचा आणि खानावळीचा आकडा त्यांना सांगायला नको. तो खर्च ज्यांच्या विचारातही येऊ शकत नव्हता, त्यांच्यापर्यंत नियम बदलल्याची बातमीच उशिरा पोहोचली.

अशा मुलासमोर विद्वान प्राध्यापक उभा करून भागत नाही. प्राध्यापकाला विषय इतका अंगवळणी पडलेला असतो, की पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो कोठे अडवतो हे आठवायलाही त्यांना कष्ट पडतात. दोन वर्षांपूर्वी तीच परीक्षा देऊन आलेल्या मुलाला ते लख्ख आठवते. भौतिकशास्त्राच्या कोणत्या प्रकरणापाशी आपण वही मिटून ठेवली होती, कोणत्या रसायनाच्या नावाने झोप उडवली होती, सराव परीक्षेत गुण घसरल्यावर घरी काय खोटे सांगितले होते, हे सारे त्याच्यापाशी ताजे असते. म्हणूनच तो ‘हे अगदी सोपे आहे’ असे म्हणत नाही. या एका वाक्याने किती मुलांची तोंडे कायमची बंद झाली असतील, याचा विचार शिकवणारे फारसे करत नाहीत.

जीवशास्त्राच्या तासाला तर हा तरुण गुरू वेगळाच खुलतो. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, या एका विषयाचे. पुस्तकात हृदयाची आकृती असते. चार कप्पे, बाण आणि नावे. गावाकडचा विद्यार्थी ती पाठ करतो. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या दालनात खरे हृदय हातात धरलेला विद्यार्थी जेव्हा तीच आकृती फळ्यावर काढतो, तेव्हा डाव्या जवनिकेची भिंत तो मुद्दाम जाड काढतो. उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचे असते. डावीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवायचे असते. म्हणून ही भिंत जाड. हाताच्या मुठीएवढे ते हृदय, त्याचा तो चिवट स्पर्श, त्यातील झडपांना धरून ठेवणारे दोऱ्यांसारखे तंतू, हे तो सांगू लागतो, तेव्हा समोरच्याला पाठांतराची गरजच उरत नाही. शिवाय, आपल्यासारख्याच कोणीतरी हे हातात घेतले आहे, ही गोष्ट त्याच्या मनात घर करते. दालनातील पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी येते, हेही तो सांगतो.

परीक्षेचा हिशेब हा आणखी एक विषय. १८० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. ‘वजा’ हा शब्द ऐकूनच घाबरलेली मुले शंका वाटणारे प्रश्न कोरे सोडतात. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला हा हिशेब चटकन उमगेल. डोळे मिटून चार प्रश्नांची उत्तरे ठोकली, तर सरासरीने एक बरोबर येईल: चार गुण जमा, तीन वजा, म्हणजे नफा एकाच गुणाचा. पण चारांपैकी दोन पर्याय निश्चित चूक आहेत हे ओळखता आले, तर चार प्रश्नांत सरासरीने दोन बरोबर: आठ जमा, दोन वजा, नफा सहा गुणांचा. अर्थात सरासरी ही सरासरीच; एखाद्या दिवशी ती उलटतेही. तरी भीतीने कोरे सोडणे आणि अर्धवट ज्ञानाचा शहाणपणाने उपयोग करणे यांत किती अंतर आहे, हे फळ्यावर मांडून दाखवणारे कोणीतरी लागते. ९० प्रश्नांचे जीवशास्त्र पाऊण तासात उरकून उरलेला वेळ भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीसाठी राखणे, हेही पुस्तकात लिहिलेले नसते. महागड्या शिकवणीत हे शिकवतात. ज्या मुलाने नुकतेच ते सारे भोगले आहे, तो ते फुकट सांगतो.

या कामाला खरे वळण मिळाले ते आदिवासी भागातील मुलांमुळे. मेळघाट आणि गडचिरोलीतील भामरागड येथील मुलांना पुण्यात आणून, त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करून शिकवणारी तुकडी उभी राहिली. तिला नाव दिले ‘उलगुलान’. बिरसा मुंडा यांच्या नेतृत्वाखाली १८९९-१९०० मध्ये छोटा नागपूरच्या पठारावर जो उठाव झाला, त्याला हा मुंडारी शब्द लावला जातो. मोठी खळबळ, असा त्याचा अर्थ. नाव ठेवणाऱ्यांनी मुद्दाम योजले असो वा नसो, त्यात एक गोड योगायोग आहे. मेळघाटातील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळातीलच आहे. त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक म्हणजे कोरकू. झारखंडातून आलेला हा शब्द कोरकू मुलाच्या भाषेला दूरच्या नात्यातील पाहुण्यासारखा आहे.

भाषेची ही गोष्ट येथे थांबून पाहण्यासारखी आहे. कोरकू मूल घरी कोरकू बोलते. धारणीच्या बाजारात हिंदी ऐकते. आश्रमशाळेत मराठीतून शिकते. अकरावीला विज्ञान शाखेत गेले, की पुस्तक एकदम इंग्रजी होते. भामरागडचे माडिया मूल ज्या भाषेत आईशी बोलते, ती द्रविड कुळातील. तिचे मराठीशीही नाते नाही आणि कोरकूशीही नाही. एकाच खोलीत बसलेल्या या मुलांना परस्परांच्या घरची भाषा कळत नाही. मराठीच त्यांची मधली भाषा होते, आणि तीही दोघांनी शाळेत मिळवलेली. २०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, ही सोय खरी. पण दोन वर्षे इंग्रजीतून वाचलेले शब्द ऐन वेळी मराठीत भेटले तर गोंधळच वाढतो. म्हणून शिकवणाऱ्याला एकेका संज्ञेची दोन्ही रूपे सांगावी लागतात, आणि आधी कल्पना, मग शब्द असा क्रम धरावा लागतो. हे काम सावकाश चालते. परीक्षेचा वेग आणि या सावकाशपणाचा मेळ घालणे हीच त्याची रोजची कसोटी.

धारणी अमरावतीहून दूर आहे. परतवाडा मागे पडले, की घाट सुरू होतो. सेमाडोह, हरिसाल अशी वनातील गावे ओलांडत रस्ता जातो. १९९० च्या दशकात कुपोषणाने दगावणाऱ्या बालकांच्या बातम्यांनी मेळघाटचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवले. त्याही आधीपासून बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना थाटला होता. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिकडे हेमलकशाला १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना माडिया भाषा शिकूनच उपचार करावे लागले. त्यांच्या शाळेतून शिकलेल्या माडिया मुलांपैकी काही पुढे डॉक्टर झाली. ही माणसे थोर, यात वाद नाही. पण ती बाहेरून आलेली होती आणि अशी माणसे विरळा. सरकारी बदलीवर आलेला डॉक्टर महिने मोजत असतो, आणि त्याच्यासमोर बसलेल्या कोरकू बाईला आपल्या बाळाला नेमके काय होते आहे हे त्याच्या भाषेत सांगता येत नाही. गावातील भूमकाकडे तिची पावले वळतात याचे कारण केवळ अंधश्रद्धेत शोधणे बरोबर नाही. तो तिचे बोलणे ऐकून घेतो आणि त्याला ते समजते. त्याच भाषेत विचारपूस करणारा, पण औषधशास्त्र शिकलेला माणूस तिच्यासमोर यायचा असेल, तर त्या पाड्यांतील कोणीतरी एमबीबीएसच्या वर्गापर्यंत पोहोचले पाहिजे. पुण्यातल्या फळ्यापाशी चाललेल्या धडपडीला हे मोल आहे.

तेथपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अभ्यासाहून कठीण असे पुष्कळ काही असते. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातील सात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्या जागेवर बसायला जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि पडताळणी समिती त्यासाठी १९५० पूर्वीचे पुरावे मागते. ज्याचा आजा शाळेची पायरी चढलाच नाही, त्याने आजोबांच्या शाळेचा दाखला आणायचा कोठून? महसुली कागदांत कोठे नोंद सापडते का, हे धुंडाळत महिने जातात. त्यातच आधार कार्डावर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. नोंदणीचा अर्ज, शुल्काची तारीख, छायाचित्राचा ठरावीक आकार, महाविद्यालयांचा पसंतीक्रम. एक तारीख हुकली की वर्ष गेले. सहाशे गुण मिळवण्याची ऐपत असलेला मुलगा एका कागदासाठी घरी बसू शकतो, हे ज्याने स्वतः रांगेत उभे राहून पाहिले आहे तोच त्याला वेळीच सावध करतो. शिकवणारा विद्यार्थी येथे शिक्षक राहत नाही. तो थोरला भाऊ होतो. मुलेही त्याला ‘सर’ म्हणता म्हणता कधी ‘दादा’ म्हणू लागतात, तर शिकवणारी मुलगी असली की तिची ‘ताई’ होते.

थोरल्या भावाचे काम मुख्यतः रात्री असते. कोरकूंचा वर्षातला मोठा सण होळी. बारावीची परीक्षा आणि मे महिन्यातील नीट यांच्या मधोमध ती येते. घरून प्रथमच दूर राहिलेल्या मुलाला त्या दिवशी पुण्याच्या खोलीत बसवत नाही. ‘तू घरी जाऊन ये’ म्हणावे तर प्रवासातच दोन-तीन दिवस मोडतात, आणि गेलेला मुलगा परत येईलच याची शाश्वती नसते. ‘जाऊ नकोस’ म्हणावे तर पुढचे आठ दिवस त्याचे लक्ष पुस्तकात नसते. काय करावे याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. एकवीस वर्षांचा मुलगा अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत असे निर्णय घेत असतो, आणि कधी ते चुकतातही.

२०२२ च्या नीटच्या निकालात मेळघाट आणि भामरागडच्या मुलांची नावे आली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची ठळक दखल घेतली. आनंदाची गोष्ट होतीच. परंतु अशा बातमीत एक बारीक फरक बहुधा विरून जातो. नीट ‘उत्तीर्ण होणे’ आणि एमबीबीएसला जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वर्षी साडेसतरा लाखांहून अधिक मुलांनी परीक्षा दिली, सुमारे ९ लाख ९३ हजार पात्र ठरली आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या आत होत्या. राखीव प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ७२० पैकी ९३ गुणांवर आली होती. तेवढ्या गुणांवर सरकारी महाविद्यालय मिळत नाही. पेढे वाटून झाल्यावर हे घरच्यांना समजावून सांगण्याचे अवघड कामही दादाकडेच येते. कोणाला दंतवैद्यक सुचवायचे, कोणाला आयुर्वेद, कोणाला परिचर्या, आणि कोणाला आणखी एक वर्ष थांबायला सांगायचे, हे ठरवताना त्या घराला एक वर्ष थांबणे परवडेल का, हेही पाहावे लागते. शेतावर दोन हात कमी असतात ते आणखी वर्षभर कमीच राहणार असतात.

आणि काही मुलांना काहीच मिळत नाही. दोन वर्षे जीव तोडून अभ्यास करूनही नाही. यश मिळालेल्यांची छायाचित्रे छापली जातात; उरलेली मुले परतीच्या बसमध्ये बसतात. शिकवणाऱ्याला ती आठवत राहतात, आणि ते योग्यच आहे.

या कामावर आक्षेपही आहेत, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. मूठभर मुलांना पुण्यात आणून शिकवल्याने आश्रमशाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाची रिकामी जागा भरत नाही. एका परीक्षेसाठी मुलाला त्याच्या जंगलातून उचलून शहरात ठेवणे सोपे नाही, त्याच्यासाठीही आणि त्याच्या आईसाठीही. डॉक्टर झाल्यावर तो गावी परतेलच याचीही खात्री कोणी देऊ शकत नाही; पुण्या-मुंबईची मुले जेथे स्थिरावतात तेथेच त्यालाही राहावेसे वाटले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? शिकवणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूनेही प्रश्न आहेच. दुसऱ्या वर्षाचे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र हे तिन्ही विषय माफ करणारे नव्हेत. संध्याकाळ दुसऱ्याला दिली, की पहाट आपल्या अभ्यासाला द्यावी लागते. मात्र शिकवल्याने त्याचाही पाया पक्का होतो, हेही खोटे नाही. मूत्रपिंडाचे कार्य दहा वेळा दहा तऱ्हांनी समजावून सांगितलेल्या विद्यार्थ्याला लघवीवर नेणाऱ्या औषधांचे प्रकरण वाचताना मागे वळून पाहावे लागत नाही. पुढे ओपीडीत बसल्यावर, घाबरलेल्या माणसाला सोप्या शब्दांत सांगण्याची जी सवय लागते, तिची सुरुवातही येथेच झालेली असते. आपल्याकडे डॉक्टर हुशार असतात. रुग्णाला समजेल असे बोलणारे त्यांत थोडे. या एका कारणासाठी तरी प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने काही महिने खडू हाती धरायला हरकत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या आणि खालच्या वर्गांचे नाते नेहमीच असे नव्हते. नव्याने आलेल्या मुलाला छळण्याचा प्रकार इतका बळावला होता, की महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा करावा लागला. ज्या जिन्यावर एकेकाळी नवीन मुलगा खाली मान घालून उभा राहत असे, त्याच जिन्यावर आता एखादा ‘सीनिअर’ त्याची वाट पाहत असतो, हा बदल कायद्याने होण्यासारखा नाही.

आणि ती वाट पाहणे गरजेचेही असते, कारण प्रवेश मिळाला म्हणजे सारे जमले असे नाही. राखीव जागेवरून आलेल्या मुलाकडे वर्गात कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी उघड बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात शरीररचनाशास्त्राचे शब्द पावसासारखे कोसळतात. लॅटिन आणि ग्रीक धाटणीचे, इंग्रजीतून समजावलेले. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही जीभ उचलत नाही. पुण्याच्या फळ्यापाशी ज्या दादाने त्याला प्रवेशापर्यंत आणले, त्याचे काम येथे संपत नाही. किंबहुना या वर्षीच ते अधिक लागते. आणि वर्ष-दोन वर्षांनी, पहिले वर्ष निभावून नेलेला तोच मुलगा, मेळघाटातून नव्याने आलेल्या मुलासमोर खडू घेऊन उभा राहतो, तेव्हा अडलेली गोष्ट तो थेट कोरकूत सांगू शकतो. पूर्वीच्या कोणत्याही दादाला ते जमणारे नव्हते.

पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला मानवी हाडांचा संच लागतो. तो विकत घेणे सर्वांना परवडत नाही, म्हणून बहुतेक महाविद्यालयांत तो वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जातो. बहुधा एखाद्या जुन्या पिशवीत किंवा पत्र्याच्या पेटीत. हाती येईपर्यंत त्यावर आधीच्या मालकांच्या खुणा झालेल्या असतात. मांडीच्या लांब हाडावर कोणीतरी स्नायूंच्या जागा रंगवून ठेवलेल्या असतात: स्नायू जेथून निघतो तेथे लाल, जेथे जाऊन चिकटतो तेथे निळा. एके ठिकाणी लाल रंग चुकून निळ्यावर गेलेला असतो आणि त्याशेजारी बारीक अक्षरांत कोणीतरी दुरुस्ती करून ठेवलेली असते.